शंभर क्षेत्रं

नवापूरच्या मिशन दवाखान्यात
मी रक्त बघते. सव्वीस वर्षं झाली.
ताप घेऊन कुणी आलं की काचेवर एक थेंब,
थेंबावर रंग, रंगावर तेल,
आणि एका डोळ्यानं शंभर क्षेत्रं मोजायची.
नव्व्याण्णव स्वच्छ दिसली
तरी ‘मलेरिया नाही’ असं लिहायचं नाही.
हे सुसान्नाबेननी शिकवलं,
सहीच्या आधी हात धुवायला लावून.

सिकलसेलची शंका असली
तर नळी रेघांच्या कागदापुढे धरायची.
मागच्या रेघा दिसल्या तर बरं.
गढूळ दिसली तर पुन्हा करायचं,
तरी गढूळ, तर नमुना धुळ्याला.
घाईघाईनं कुणाच्या लेकराच्या नावापुढे
मी आजवर काही लिहिलेलं नाही.

आणि त्या बुधवारी, भाकरी थापता थापता,
पिठाच्या बोटानं
मी याफेत गावीतचं नाव पुढे ढकललं.

फोटोत तो नव्या मोटारसायकलीवर बसलेला.
खाली: मंडळीच्या पत्र्यांचे पैसे कुठे गेले ते बघा.
वर एक क्रूस, दोन जोडलेले हात
आणि ‘प्रार्थनेसाठी’ हा शब्द.
त्या शब्दानं मला फसवलं म्हणावं
तर तेही खरं नाही.
वाचून मला थोडं बरं वाटलं होतं.
हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा जणांना. नंतर मोजले.

आमच्या स्टेशनावर एक बाक आहे,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत,
मधे रंगवलेली रेघ.
पोरं तिथं फोटो काढतात, इकडे एक, तिकडे एक बसून.
याफेतच्या मोटारसायकलीला ती रेघ दिसलीच नाही.
शनिवारपर्यंत ती सोनगड ओलांडून गेली,
बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेल्या त्याच्या बहिणीला
फडात कळलं, आपला भाऊ चोर आहे.

गाडी मेहुण्याची होती.
पत्रे विसरवाडीच्या दुकानात पडून होते,
पावतीसकट. ट्रॅक्टर मिळत नव्हता.

रविवारी तो मागे, चपलांजवळ बसला.
पाळकसाहेबांनी सांगितलं, उपवासकाळ आहे,
चाळीस दिवस मोबाइल बाजूला ठेवा.
सगळे आमेन म्हणाले. मीही.
पण फोन पिठाच्या डब्यात बंद केला असता
तरी एक्केचाळिसाव्या दिवशी
त्याला उघडणारी मीच असते.

मग चालत गेले, रंगावलीच्या पुलावरून.
दारातच म्हणाले, मी पाठवलं. न बघता.
त्याची बायको दिना तूर पाखडत होती.
सूप थांबलं नाही.
फोल उडून माझ्या साडीवर बसत राहिलं.
याफेत बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला,
बाई, माझ्या पोराचं रक्त
तुम्ही दोनदा तपासलं होतं.

एवढंच.

चहा आला, बिनदुधाचा.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बहीण.
रोज संध्याकाळी ती एक प्रार्थना बोलून पाठवते,
दीड मिनिटाची,
मागे कोयते, बैलांच्या घंटा, कुणाचं तरी तान्हं.
मधे खोकली, पुढचं विसरली,
मग सगळ्यांची नावं घेतली.
ज्यांनी तो फोटो पाठवला त्यांच्यासाठीही मागितलं.
तिला माझं नाव माहीत नव्हतं.
दिनाचं सूप तेव्हा थांबलं.

आता काही आलं की
मी ते रेघांपुढे धरते:
हे कोण बोलतंय?
कुणाच्या दारात जाऊन पडेल?
आणि वाचून मला बरं का वाटतंय?
तिसरी रेघ बहुतेक वेळा दिसत नाही.
मग हात धुते.

अकरांपैकी सात घरं झाली.
एका घरी कुत्रं अंगावर आलं,
एका घरी म्हणाले, जाऊ द्या हो, खरंच असेल.
तिथं पुन्हा जायचंय.
शेवटचा सुरतेला असतो, रंगाच्या कारखान्यात,
रात्रपाळी.
त्याला फोनच करावा लागेल.