उलटा पाच

पॅर्नू. जूनमधला तिसरा शनिवार.
क्लबच्या मागे पाइनची झाडं, झाडांमागे समुद्र,
आणि समुद्रावर मावळायचं नाव न घेणारा सूर्य.
मी चौदा वर्षांची. काम एकच,
लाकडी फलकावरच्या खिळ्यांना आकडे टांगायचे.

क्लबकडे पाट्या होत्या शून्य ते सात, दोन-दोन.
"सातापुढे कोण जातंय?" कुल्दार काका म्हणाले,
आणि पेटी माझ्या मांडीवर ठेवून कॉफी प्यायला गेले.

आमच्याकडून ताव्हेत, डाकबंगल्याएवढा उंच,
सर्व्हिस करताना जिभेचं टोक बाहेर काढणारा.
ट्युनिशियाचा नूफेल, बारीक, गप्प,
दर पॉइंटनंतर बुटातली लाल माती
रॅकेटने ठोकून काढायचा. दोनदा. तीनदा नाही.

पाचव्या सेटला तेव्हा टायब्रेक नव्हता.
दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं.
सात-सात.
मी काकांकडे बघितलं, काकांनी आभाळाकडे.

मग मी धावले हिल्या मावशीच्या टपरीवर,
धुरावलेल्या मासळीच्या भावफलकावरून
पत्र्याचे आकडे उपटले,
आठ, नऊ, जे हाताला येईल ते.
ती ओरडत राहिली.
त्या संध्याकाळी तिने ईल विकली
अंदाजपंचे.

दहाव्या गेमला दुसरा खिळा हवा होता.
बाजू बदलताना मिळतं दीड मिनिट,
तेवढ्यात दगडाने ठोकला.
अंपायरने वरून पाहिलं. बोलला नाही काही.
अकरा-अकराला एक 'एक' कमी पडला,
पाइनची काडी टांगली.
वाऱ्याने ती हलत होती,
तेवढा वेळ ट्युनिशियाचे अकरा थोडे डुगडुगते.

आठ वाजले. नऊ वाजले.
बायका घरी जाऊन शाली घेऊन आल्या.
कुणीतरी उकडलेले बटाटे वाटले, मीठ विसरून.
माझ्या बोटांना मासळीचा वास,
खेळाडूंच्या सावल्या जाळीपलीकडे जाऊन
एकमेकांच्या कोर्टात पडलेल्या.
फटके आता जोराचे नव्हते.
चेंडू नुसता परत जायचा,
शेजाऱ्याची वाटी परत करावी तसा,
रिकामी नको म्हणून काहीतरी घालून.

बावीस-बावीस.
चार 'दोन' हवेत, माझ्याकडे तीन.
मी पाच उलटा टांगला.
लांबून दोनासारखा दिसतो, जरा पोट पुढे आलेला.
नूफेल टॉवेलाने मान पुसत होता,
फलकाकडे बघितलं आणि हसला.
त्या दिवसातलं त्याचं एकच हसू,
तेही माझ्या चुकीला.

चोवीस-चोवीस.
पंचवीस-चोवीस, ट्युनिशिया.
मी सहा हातात धरून उभी,
टांगायचा की नाही ते अजून ठरलं नव्हतं.
ताव्हेतचा चेंडू जाळीच्या पट्टीवर बसला,
क्षणभर बसूनच राहिला,
आणि आपल्याच बाजूला उतरला.

सव्वासहा तास.
कुणी ओरडलं नाही.
समुद्राचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला मी,
तो दिवसभर तिथेच होता म्हणे.

नूफेल हात मिळवायला आला,
पण उजवा हात रॅकेट सोडेना.
बोटं वळली होती, मुठीवर मूठ.
तो डाव्या हाताने ओढायला लागला,
ताव्हेत म्हणाला, थांब, आणि वाकला.
करंगळी आधी. मग तिच्याशेजारची.
मधलं बोट सोडवताना दोघेही कळवळले.
अंगठा शेवटी.
रॅकेट मातीत पडली,
तेव्हा कुठे टाळ्या वाजल्या.

सहा माझ्या हातातच राहिला.
क्लबच्या वहीत कुल्दार काकांनी निकाल लिहिला,
समोर शेरा: खिळे लागतील.

खिळे आणले, पण लागले नाहीत.
काही वर्षांनी नियम बदलला,
सहा-सहाला टायब्रेक, सगळे जेवायच्या वेळेला घरी.
बरंच झालं. ताव्हेतचा गुडघा त्यानंतर कधी धड झाला नाही.

आकडे मी दुसऱ्या दिवशी परत केले, घासून.
हिल्या मावशीने मोजून घेतले,
आणि फ्लाउंडरचा भाव लावताना
तो पाच तसाच लावला, उलटा.
लोक दोन समजून पैसे द्यायचे.
ती घ्यायची.
ऑगस्ट सरेपर्यंत तिने तो सरळ केला नाही.