डावा दिवा पिवरा

हेडलाइट आधीच्या मालकानेच बदलून ठेवलेले,
पांढरे, थोडी निळी झाक, मंडपातल्या ट्यूबसारखे.
खाली बंपरात फॉगचे दोन दिवे मात्र कंपनीचे,
पिवळट, जुन्या वऱ्हाडी पाहुण्यांसारखे गप्प.
मला ते खुपायचं.
गुरांच्या डॉक्टरला असलं काही खुपू नये खरं तर,
आमच्या हातांना काय काय लागलेलं असतं.

मोबाइलवरून जोडी मागवली. सहा हजार केल्विन.
डबीवर धावता चित्ता.
लाखांदूर रोडवर टेकचंद कापगतेने ती उलटीपालटी केली,
वास घेतल्यासारखी.
"मॅडम, वरचा पांढरा चालते. खालचा पिवराच ऱ्हाऊ द्या.
धुक्यात पांढरा म्हंजे दुधाचा परदा."
मी म्हटलं, मॅच व्हायला हवेत.
"मॅच," तो म्हणाला, आणि गाडीखाली गेला.

चाकाआडचं प्लास्टिक उघडलं तर आत
उंदराने साठवलेल्या धानाच्या लोंब्या, मूठभर,
कुणाच्या तरी पुंजण्यातल्या.
त्याने त्या फेकल्या नाहीत, पान्यांच्या फळीवर ठेवल्या.
उजवा बसला.
काढलेल्या जुन्या बल्बच्या काचेलाही
त्याने बोट लागू दिलं नाही, फडक्यात धरला.
डाव्याची क्लिप मात्र कट् करून तुटली.
"नागपूरवरून येते क्लिप. आठ दिस."
पैसे एकाच बाजूचे घेतले.

चौथ्या रात्री, खरं तर पहाटेच,
इंदूबाई शहारेचा फोन: म्हैस अडली.
बोडीच्या पाळीवर धुकं असं बसलेलं
की वायपर मारला तरी हलेना.
हेडलाइट घालवले, खालचे दोनच ठेवले.
उजवीकडे पांढरा उजेड फुगून उभा राहिला,
आत काहीच नसलेला.
डावा, रोवणीतल्या बाईसारखा,
कंबरेत वाकून चिखलाजवळ.

त्या पिवळ्यात आधी डांबराची कड आली,
मग गवत,
मग पाय.
नुसते पाय. रबरी चपलांतले, लाल मोज्यांतले,
एक जोडी अनवाणी,
लुगड्याचे काठ,
हातात धरून चालवलेल्या सायकलचं चाक.
कुठल्याशा गावचं नाटक सुटलं होतं,
आणि गुडघ्यांच्या वर कुणालाच काही नव्हतं,
फक्त वरून कुणीतरी खलनायकासारखं हसत होतं
आणि बाकीचे त्याला हसत होते.
हॉर्न दिला.
पाय कडेला गेले, जोडी जोडी करून,
सगळ्यांत शेवटी दोन लहान, ओढले गेल्यासारखे.

गोठ्यात कोपरापर्यंत हात.
आत तर काहीच दिसत नसतं, कितीही केल्विन आणा.
बोटांना एक खूर लागला, मग दुसरा.
पुढचे की मागचे हे सांध्यांवरून कळतं,
दोन्ही सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचे.
वाकले.
मान मागे वळलेली होती, तिलाच वेळ लागला.
इंदूबाईने मोबाइलची बॅटरी धरली होती,
पूर्ण वेळ माझ्या पाठीवर.

उजाडलं तेव्हा वगार चौथ्यांदा पडून
पाचव्यांदा उभी राहत होती.
इंदूबाईचा पोरगा गाडीभोवती फिरून आला.
"एक डोरा पिवरा हाये तुमच्या गाडीचा."
माहीत आहे, म्हटलं, पाणी आण हात धुवायला.

क्लिप आली, असा टेकचंदचा फोन येऊन
आता महिना झाला असेल.
जायचंय. उजवा काढायचाय.
तो जुना बल्ब त्या फडक्यात अजून आहे का
हे विचारायचंय.
मी वर्ध्याची. विचारताना पिवळा म्हणू
की पिवरा, एवढ्यावरच अडलंय.