निळं सोडून काहीही

मृणाली तांडेल दुपारी तीनला दुकानात आली,
हातात प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोकं.
काका, फोटो काढायचाय. माझा नाही, हिचा.
आत बुंदी. पिवळी, अंगभर काळे ठिपके,
शेपूट गाजरासारखं जाड.
लेपर्ड गेको, ती म्हणाली.
पाल, मी म्हणालो.
पालच, पण हिला भिंत चढता येत नाही.

माझगावच्या या गल्लीत एकोणतीस वर्षं मी
नवरानवरीच्या डोक्यामागून पाली हाकलल्या,
केरसुणीच्या दांड्यानं.
आता एकीला स्टुलावर ठेवून विचारत होतो,
बाई, मागे काय लावू?

निळं सोडून काहीही, मृणाली म्हणाली.
सोमवारी जहाजावर रुजू होतेय, सहा महिने.
फोटो बंकाच्या वर चिकटवणार.
निळं मला खिडकीतून पोटभर दिसेल.

पांढरा पडदा पासपोर्टचा.
त्यावर ती आरोपीसारखी दिसली.
लाल चार्टपेपरवर पिवळा रंग ओरडायला लागला.
मखमल अंथरली, तर नखं अडकली;
मृणालीनं एकेक बोट सोडवलं,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून पदर सोडवावा तसं.
काळी काच ठेवली. एका बुंदीच्या दोन झाल्या,
छान दिसल्या, पण पाय घसरत होते दोघींचे.
वाळू आणू का थोडी? नको, पोटात जाते.
फ्लॅश? काका, डोळे बघा ना तिचे.
पाहिले. उभी फट, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी.
फ्लॅशची वायर काढून ठेवली.

मग ती स्टुलावरून उतरली की पडली, कळलं नाही.
खाली मोझॅकची लादी, इमारतीइतकी जुनी,
पिवळट, काळे खडे.
आणि बुंदी नाहीशी.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, श्वास धरून,
लादीकडे लादी होऊन बघत.
शेवटी एक खडा हलला.
हा घ्या की फोटो, मी म्हणालो, इथंच आहे सगळं.
मृणाली हसली नाही.
सहा महिने मी तिला शोधत बसू का?

उरला काश्मीरचा पडदा.
आचरेकर पेंटरनं रंगवलेला, शिकारा, कमळं, बर्फ.
कमळं ठीक होती, पण सगळं तळं निळं.
वैतागून मी तो उलटा टांगला.
मागची बाजू मी कधी नीट पाहिलीच नव्हती:
कोरं जाड कापड, चहाच्या रंगाचं,
गळतीचे डाग, एका कोपऱ्यात आचरेकरांनी
पुसलेले ब्रश. गेरू, हिरवा, पुन्हा गेरू.
कुठल्याशा माळरानाची संध्याकाळ असावी तशी,
जिथं कुणाला उभं करून मी कधी
हसा म्हणालो नव्हतो.

खाली उंबऱ्यावरचा कडप्पा घेतला,
सकाळपासून उन्हात पडलेला.
बुंदीनं पोट टेकलं. शेपटीचं टोक सैल झालं.
ऊब कुठं आहे ते तिला विचारावं लागलं नाही,
आम्हालाच एवढा वेळ लागला.

सतरा फोटो काढले.
अकराव्यात वरच्या बांबूवर माझी जुनी भाडेकरू,
भिंतीवरची, खाली वाकून बघतेय.
हाकलली नाही. चुकचुकली दोनदा;
शंका असेल, कुणाला नसते.
तिला बिचारीला पापण्या नाहीत.

बाराव्यात बुंदीनं डोळे मिटलेत.
पूर्ण, जाड पापण्या, ओठांवर हसू असल्यासारखं,
हसू नसेल, जबडाच तसा असेल.
डोळे मिटले की फोटो बाद,
हे मी किती हजार माणसांना सांगितलं असेल.
मृणालीनं स्क्रीनवर बोट ठेवलं:
हाच.

मागे ते कापड, खाली काळा दगड,
मध्ये झोपेचं सोंग घेतलेली एक पिवळी रेघ.
आठ प्रती काढल्या, पासपोर्टच्या मापात,
कटर तेवढंच कापतो.
एक तिनं मला ठेवायला दिली.
काउंटरच्या काचेखाली आहे,
लोक विचारतात, हे कुठलं गाव?