सभासद नंबर ००४७

बेळगुंदीच्या रताळी उत्पादक सोसायटीत
जुनं रजिस्टर मशीनमध्ये भरायचं काम मला मिळालं.
महिना सहा हजार आणि चहा दोनदा.

रजिस्टर निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात,
सेक्रेटरी बदलला की लिपी बदललेली.
मी घाईत सगळ्या रकान्यांना एकच प्रकार दिला: व्हेरिअंट.
म्हणजे येईल ते घे बाबा,
अंक आला तर अंक हो, तारीख आली तर तारीख,
मला विचारू नको.

तो विचारत नाहीच.

सर्व्हे नंबर १२/३ त्याला तारीख वाटली.
शट्टुप्पा किणयेकरांचं सव्वा एकर,
ओढ्याकडेचं, लाल मातीचं,
स्क्रीनवर बारा मार्च झालं.
बांध नाही, पायवाट नाही, नुसता एक दिवस,
तोही मंगळवार.

कन्नड आकडे मात्र त्याला आकडे वाटेनात.
सत्तर आणि एक मिळव म्हटलं
तर सातशे एक करून दाखवले.
त्याच्या लेखी ती अक्षरं,
आणि अक्षरांची बेरीज होत नाही,
ती शेजारी शेजारी उभी राहतात.

शट्टुप्पा आले ते पासबुक नाचवतच.
"काय करून सोडलीस गं? माझी दोन सोन्नी कुठं गेली?"
मला ऐकू आलं सोनं. तारणातलं.
पोटात गोळा.
मग त्यांनी बोट ठेवलं:
००४७ होते, आता नुसते ४७.

"काका, पुढच्या शून्याला किंमत नसते."

ते खुर्ची ओढून बसले.
"सोसायटी काढली तेव्हा आम्ही अठ्ठेचाळीस जण.
चेअरमन म्हणाले, नंबर चार घरांचे घाला,
हजारांनी येतील माणसं."
"आली?"
"तीनशे बारा. मेलेली धरून की ओ."

त्या रात्री एकेक रकाना परत अक्षरांत फिरवला.
पण फिरवलेलं फिरून तसंच येत नाही.
बारा मार्चला अक्षर कर म्हटलं
तर साल चिकटवूनच आला,
तिरकी रेघ कुठं तरी टाकून.
शेवटी रजिस्टर उघडून, बोट धरून,
हातानं लिहिलं: बारा, रेघ, तीन.
शेत जागेवर आलं.

शून्यांपाशी थांबले.
चार आणि सात दोन्ही लिप्यांत वेगळे,
शून्य तेवढं तेच, तितकंच गोल.
मशीननं नेमकं तेच गाळलं होतं.
दोन खुर्च्या परत मांडल्यासारखी
मी ती सत्तेचाळीसच्या पुढे ठेवली.

राहिला वारसाचा रकाना.
रिकामं तीन तऱ्हेचं असतं:
कधी भरलंच नाही ते,
कुणालाच ठाऊक नाही ते,
आणि अक्षरं असायची जागा, जिच्यात अक्षर नाही.
शट्टुप्पांच्या ओळीत कागद खरवडलेला होता,
उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसेल इतका पातळ.

सकाळी ते आले, नंबर मोठ्यानं वाचला,
"सोन्ने, सोन्ने, नलवत्तेळु,"
आणि खूश होऊन चहा सांगितला.
मी वारसाचं विचारलं नाही.
दोन अवतरणचिन्हं टाइप केली,
मधे काही न ठेवता,
आणि पुढच्या ओळीवर गेले.