ग्रिम्सबी, नोव्हेंबर २०२१

ग्लेनिसच्या पत्रावर सही माझीच.
अकरा वर्षं तिनं इथल्या म्हाताऱ्यांचे
केस विंचरले, कवळ्या घासल्या,
दोघांचे डोळे मिटले.
लस मात्र नको म्हणाली.
का, ते तिला धड सांगता येईना.

मला सांगता येत होतं:
गेल्या वर्षीच्या एप्रिलात
या जिन्यावरून सात स्ट्रेचर उतरली.

माझ्या दंडावर देवीचा वण, रुपयाएवढा.
कणगीमागून ओढून काढलं होतं मला.
रडले, चावले. विचारलं कुणीच नाही.
म्हणूनच असेन, इथवर आले.

आज मिसेस पेनिंग्टन
डोक्याला हात लावू देत नाहीत.
“ती कुठंय?” विचारतात, पुन्हा विचारतात.
कायदा काय सांगू त्यांना.
हातात कंगवा घेऊन उभी आहे.
भांग नेमका कुठून,
ते ग्लेनिसलाच ठाऊक होतं.