पावणेसहा फूट

पुण्याच्या दुकानातला माणूस फोनवर म्हणाला,
"मॅडम, आमची सीट एका बोटानं उघडते."
एक लाख दहा हजार. बोट आपलं आपण आणायचं.

बाहुबलींनी फोन ठेवला, टेप घेतला
आणि गाडीत जाऊन आडवे झाले
नुसत्या पत्र्यावर, बूट घालून.
गाडीची रुंदी: पावणेसहा फूट.
माणूस: सहा, वर अर्धा इंच.
"पाय दुमडून झोपीन," म्हणाले.
एकतीस वर्षं बघतेय,
झोपेत या माणसाचे पाय दुमडत नाहीत,
पलंगाचा कठडा वाकतो.

म्हणजे लांबीतच बसवायचा.
दिवसा दोघांची सीट,
रात्री पाठ मागं पडली की बिछाना.

कुपवाडला एमआयडीसीत दस्तगीर मुल्लांचं शेड.
उसाच्या ट्रॉल्या, शाळेच्या बसचे सुटे दरवाजे
आणि मधोमध आमची गाडी,
लिलावात घेतलेली, पांढरी,
लाल पट्टा खरवडून काढला तरी
तिरप्या उन्हात अजून दिसणारी.

दस्तगीरभाईंनी तीन बिजागऱ्या फडक्यावर मांडल्या,
सोनार मांडतो तशा.
एक करकरायची.
एक गप्प, पण अर्ध्यात अडायची.
तिसरी कुठल्याशा भंगार लक्झरीतली,
काळी, तेलकट, जड.
"ही घ्या ताई. हिनं आधीच लई लोक झोपवलेत."

फोमवरून भांडण झालं.
बत्तीसचा स्वस्त, चाळीसचा टणक.
मी कोपर रोवून बघितलं, हाताला लागलं खालचं फळकूट.
पाठीवरच्या जखमा धुण्यात नोकरी गेली माझी,
गादी मला शिकवू नका, म्हटलं.
चाळीसचा आला.
रेक्झिनचा रंग यांच्यावर सोडला
तर यांनी नेमका हिरवा निवडला,
ऑपरेशन थिएटरच्या चादरीचा.
मी काही बोलले नाही.
मग बोलले.
तपकिरी आला.

शेवटी जमीन.
जुनं लिनोलियम सोललं तर खाली चार भोकं,
दोन-दोनच्या ओळीत, कडेला गंज.
स्ट्रेचरच्या रुळाची.
ड्रिल हातात धरून दस्तगीरभाई थांबले.
"हीच वापरू, का बुजवून नवी पाडू?
पत्रा चांगला हाय. खालनं जाड पट्टी देतो, बोल्ट नवे.
पण तुमच्या मनाला..."
बाहुबली बाहेर गेले
आणि कुणाच्या तरी ट्रॉलीचं चाक
उगाच टेपनं मोजत बसले.

मी खाली बसले. एका भोकात बोट घातलं.
रात्री अडीचला, जतच्या रस्त्यावरून,
एक हात सलाईनच्या बाटलीला, एक रुळाला,
अशा किती फेऱ्या.
गाडी ही नसेल. हिची बहीण असेल.
रूळ कधी हलला नव्हता.
माणसं बहुतेक पोचली होती.

"वापरा," म्हटलं.
"खाली डिझेलची टाकी तेवढी बघून."

पहिली रात्र लांब कुठं नाही.
मिरजेत, आमच्याच दारात,
घर वीस पावलांवर, कुलूप लावलेलं.
बिजागरी खळ् करून बसली.
गादीचा जोड बरोबर माझ्या कमरेखाली आला,
यांची पावलं मागच्या दाराला टेकली
आणि तिथंच थांबली.
"पुरतंय?"
"पुरतंय की."
टपावरून कुणाचं तरी मांजर चालत गेलं,
चार पावलं, मग विचार करून आणखी दोन.

"पहिल्यांदा कुठं जायचं हो?" मी विचारलं.
उत्तर आलं नाही.
पत्र्याच्या गाडीत घोरणं घरापेक्षा मोठं घुमतं,
हे कुणी मोजलंच नव्हतं.

पहाटे दूधवाल्यानं काच वाजवली,
दबकत, दोन बोटांनी.
"आत पेशंट हाय का कोण?"
मी पडदा सारला.
"नाही रे," म्हटलं. "अर्धा लिटर दे."