लाल टॉवेल

आमच्याकडे वायरलेस नव्हते.
येमूल मामाच्या कारखान्यातले दोन टॉवेल होते.
पांढरा दाखवला तर जागा धरून राहा,
लाल दाखवला तर मागच्याला जाऊ दे.
आणि ते दाखवायला मी,
गळ्यात स्टॉपवॉच, कानात कापूस, कॉलेज बुडवून.

कुंभारीच्या पुढं, माळावर,
टँकरनं पाणी मारून दाबलेली माती.
दहाच्या आत ती सुकायची,
मग पुढच्याची धूळ हाच मागच्याचा रस्ता.

आमच्या जिप्सी दोन.
एक इराण्णा बिराजदारची, एक इर्शाद बागवानची,
एकाच शेडमध्ये, एकाच पान्यानं आवळलेल्या.
इराण्णा म्हणायचा, नवे प्लग त्याला दिले.
इर्शाद म्हणायचा, नवे टायर त्याला दिले.
दोघंही खरं बोलत होते.

शेवटच्या शर्यतीआधी हिशेब असा होता:
कोल्हापूरचा मोहिते तीन गुणांनी पुढं, इराण्णा त्याच्या मागं,
आणि इर्शाद कुठंच नाही,
कारण जालन्यात त्याचा ॲक्सल तुटला
आणि सातारला त्याचं डोकं.

आदल्या रात्री मामानं दोघांना मागासमोर उभं केलं.
"उभा धागा ताणून धरतो, म्हणून आडवा धावतो.
उद्या कोण उभा, कोण आडवा, सांगायला नको."
माग चालूच होते, त्यामुळं ओरडून सांगावं लागलं.
इर्शादनंही ओरडूनच विचारलं,
"आणि नक्षीत कोण दिसतो, मालक?"
मामा म्हणाला, "टॉवेल आहे बे. अंग पुसायला घेतात."

बारा फेऱ्या.
नवव्या फेरीला इर्शाद पहिला, इराण्णा चार सेकंद मागं,
त्याच्या शेपटीला मोहिते.
मामा माझ्याकडं न बघता म्हणाला, "लाल."

मी लाल धरला.
इर्शाद समोरून गेला, जसा काही मी वाळत घातलेला कपडा.
दहाव्याला परत धरला, दोन्ही हातांनी, डोक्यावर.
अकरावी फेरी त्यानं मारली
एक मिनिट चौदा पॉइंट सहामध्ये.
त्या मातीवर तेवढ्या वेळात कुणीच फिरलं नव्हतं.
मी आकडा दोनदा बघितला. मामाला सांगितला नाही.

बाराव्या फेरीला, रेषेच्या अलीकडच्या वळणावर,
बाभळीपाशी, तो थांबला.
वेग कमी केला असं नाही. थांबला.
हँडब्रेक ओढला, खिडकीतून हात काढला,
आणि सात रस्त्याला रिक्षावाला मागच्याला खुणावतो तसं
जा, जा.

इराण्णा आला आणि तोही थांबला.

दोन गाड्या शेजारी शेजारी, इंजिनं चालू,
धुळीच्या आत दोन हेल्मेटं एकमेकांकडं वळलेली,
आणि मागून मोहितेचा आवाज मोठा होत चाललेला.
मामा तेलुगूत शिव्या देत होता, ज्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत.
घड्याळात तीन सेकंद.
मग इराण्णा सुटला.
त्याच्या मागं इर्शाद. मग मोहिते.
एका गुणानं आम्ही चॅम्पियन.

त्या तीन सेकंदांत काय बोलणं झालं
ते इराण्णा एक सांगतो, इर्शाद दुसरं.
काचा खाली, इंजिनं गरगरत,
मला वाटतं दोघांनाही काही ऐकूच आलं नसावं.

हार इराण्णाच्या गळ्यात पडला. त्यानं फोटोपुरता ठेवला.
कडक भाकरी, शेंगाची चटणी,
दोघं एकाच बोनेटवर बसून जेवले, पाठीला पाठ लावून.

मामा गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचा, आमचा रंग जात नाही.
माझे दोन्ही तळवे संध्याकाळपर्यंत लाल होते.
ते मी नळाखाली घासत होते, तेव्हा इर्शाद आला,
शेजारच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायला,
आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला,
"अकरावी किती?"

चौदा पॉइंट सहा, मी म्हटलं.

"लिहिलीस ना बे?"